आखाजीची गाडी आणि करडईचे तेल

आमच्या घरात तेलाबद्दल बाहेरच्या माणसाला कोणी काही विचारत नसे. लोक आम्हाला विचारत. जळगावातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगाला दोन लाकडी घाणे होते आणि पुढे ओटीवर आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गादी. सकाळी घाण्याला बैल जुंपले की जी करकर सुरू होई ती दिवसभर घरात असे. तिची इतकी सवय झालेली होती की ती थांबली तरच लक्ष जाई आणि आई स्वयंपाकघरातून विचारी, "काय झालं रे?" शेंगदाणा, तीळ, करडई, जवस, एरंडी, प्रत्येक तेलाचा वास घराच्या वेगळ्या कोपऱ्यात मुरला होता. न्याहारीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि त्यावर घाण्याखालून वाटीत धरून आणलेले कोमट शेंगदाण्याचे तेल. आबा तेल पारखत तेव्हा गिऱ्हाइके बोलणे थांबवत. एक थेंब अंगठा आणि बोट यांच्यात घ्यायचा, बोटे हळूच उघडायची, मधली तार किती ताणते ते पाहायचे, वास घ्यायचा आणि शेवटी जिभेला लावायचे. मग ते एक शब्द बोलत, "चांगलं" किंवा "जुनं". त्यावर वाद होत नसे.

अशा घरात मोटार आली. एका जिनिंग कारखान्याचे व्यवस्थापक नोकरी सोडून गावी निघाले होते, त्यांची विलायती बनावटीची, चार दारांची, काळी गाडी आबांनी घेतली. लढाई संपली होती, पण पेट्रोल अजून कुपनावर मिळत होते आणि मोटार विकत घेणे हा शहाणपणा आहे असे आमच्या ओळखीत कोणालाच वाटले नाही. मी तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून घरी आलो होतो. गाडी चालवायला मी शिकलो, कारण दुसरे कोणी मोकळे नव्हते. आबांनी गाडी अक्कासाठी घेतली असे घरात कोणी बोलून दाखवले नाही. सगळ्यांना ते ठाऊक होते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला धुळ्याला दिली होती. सासरे, त्यांना सगळे नाना म्हणत, कापसाचे अडते होते, घर भरलेले होते, नवरा दुकानावर बसत असे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधले जातात, पितरांसाठी घागर भरली जाते, आणि ज्या घरची लेक येत नाही त्या घरच्या बायका झोक्याकडे फारशा फिरकत नाहीत. अक्का दोन आखाज्या आली नव्हती. पहिल्या वर्षी तिचे तान्हे मूल गेले होते आणि सासूबाईंनी सुतक, अशक्तपणा, ऊन अशी कारणे सांगितली. दुसऱ्या वर्षी तिला आणायला मीच गेलो. अक्का टांग्यात बसली, ट्रंक चढली, आणि गल्लीच्या मधेच घोडे अडले. त्या घरात अशी समजूत होती की माहेरी निघालेली सून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीच्या देवळापुढे जायच्या आत तिचे वाहन थांबले तर तो अपशकुन. तिने परत फिरायचे. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "घोडं अडनं. आते नही. पुढली आखाजीले दखूत." टांगेवाल्याने घोड्याला चाबूक मारला, शिव्या दिल्या, उपयोग झाला नाही. ट्रंक उतरली. अक्का टांग्यातून उतरताना माझ्याकडे पाहत नव्हती.

घोडे अडते, मोटार अडत नाही, असा आबांचा हिशोब होता.

गाडीचा कार्बुरेटर, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा एकत्र होऊन एंजिनात जाते तो भाग, उभ्या पितळी घंटेसारखा होता. त्याच्या डोक्यावर एक छोटे टोपण. ते फिरवून वर ओढले की त्याला लागून एक बारीक दांडी बाहेर येई. ती खालच्या अरुंद नळीत, तेलात बुडलेली असे. व्यवस्थापकांनी जाताना ते टोपण उघडून दाखवले आणि म्हणाले, "यात तेल असतं. कमी झालं की भरायचं." कोणते तेल, हे त्यांनी सांगितले नाही. आबांनी विचारले नाही. दुसरे कोणतेही गिऱ्हाईक असते तर त्याने विचारले असते.

त्या तेलाचे काम मला नंतर कळले. पाय दाबला की घंटेच्या आतला दट्ट्या हवेच्या ओढीने वर उचलला जातो; तेल त्याला एकदम उसळू देत नाही. तेल फार पातळ असेल तर दट्ट्या उडी मारतो, एंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळते, आणि गाडी नेमकी सुटताना खोकून बंद पडते. तेल फार घट्ट असेल तर दट्ट्या उठतच नाही आणि गाडी काळा धूर सोडत रखडते. हे सगळे दोन चमचे तेलावर अवलंबून असते.

चैत्रात ते तेल कमी झाले तेव्हा घरात बैठकच बसली. आईने तिच्या शिवणयंत्राची कुपी आणून ठेवली. आबा म्हणाले, "ते तेल आहे का? पाणी आहे." एरंडेल फार जड. तीळ महाग म्हणून नव्हे, पण वास राहतो म्हणून नको. जवसाला आबांनी नुसता हात हलवला. शेवटी त्यांनी करडईच्या तेलाचा थेंब घेतला, बोटे उघडली, तार पाहिली, जिभेला लावली.

"हे," ते म्हणाले. "स्वच्छ, हलकं, आणि धरून ठेवतं."

"खायचं तेल मोटारीत?" आई म्हणाली.

"जे माणसाला चालतं ते लोखंडाला का चालणार नाही?"

मला ते पटले. गाडीलाही पटले, असे दिसले. करडईचे तेल घातल्यावर ती अशी मऊ सुटू लागली की आबा शेजाऱ्यांना मुद्दाम ओटीवर बोलावून दाखवत. पण दिवस वाढत्या उन्हाचे होते. घराच्या भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असत. गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल याचा कोणी विचार केला नाही. आखाजी जवळ आली तशी गाडी जड वाटू लागली. पाय दाबला की क्षणभर काहीच होत नसे आणि मग मागून काळा धूर येई. मी आबांना सांगितले. ते म्हणाले, "पेट्रोल भेसळीचं असेल." मी पेट्रोल फडक्यातून गाळून पाहिले, ते स्वच्छ होते. पुढे वर्तमानपत्रात काम करताना कोणी दिलेल्या माहितीत 'असेल' आले की मी पेन्सिल उचलत असे. तेव्हा ती सवय नव्हती.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी सकाळीच निघालो. आईने कुरडया, सांजोऱ्या आणि सासूबाईंसाठी लुगडे बांधून दिले, आणि गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "दारात बंद करू नकोस रे." म्हणजे एंजिन चालूच ठेव. मी म्हटले, "जेवायला बसवतील, आई. चालू कशी ठेवू?" ती खिडकीच्या काचेवरची धूळ पदराने पुसत राहिली.

एरंडोल मागे पडेपर्यंत गाडी कशीबशी चालली. पारोळ्याच्या अलीकडे ती रखडत रखडत थांबली. बॉनेट उघडले, टोपण फिरवले आणि ओढले तर दांडी वर येईना. हात भाजत होता. फडके धरून जोराने ओढली तेव्हा ती पिवळ्या, मधासारख्या चिकट पदार्थाचा दोरा घेऊन बाहेर आली. मी तो बोटावर घेतला आणि ओळखला. करडईचे तेल खूप तापवले की त्याचे असेच होते. शेतकरी ते मोटेच्या कातड्याला लावतात, पाणी झिरपू नये म्हणून. आमच्याच अंगणात मोठ्या कढईत ते कढवलेले मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आबांनी तर जन्मभर विकले होते. पण मोटेची कढई आणि मोटारीचे टोपण या दोन गोष्टी आमच्यापैकी कोणाच्याही मनात शेजारी आल्या नाहीत.

दोरीला बांधलेले फडके टाकीत सोडून पेट्रोलने भिजवले आणि घंटा उघडून सगळे भाग पुसून काढले. दट्ट्या मोकळा झाला, पण आता नळी कोरडी होती. पारोळ्याच्या पेठेपर्यंत गाडी प्रत्येक वळणाला खोकत आली. पहिल्या दिसलेल्या शिंप्याकडून मी शिवणयंत्राचे तेल मागून घेतले. तो म्हणाला, "मोटारले बी टाके घालतस का भाऊ?" मी हसलो नाही. ते तेल घालून गाडी बरी चालली, पण उन्हात ते पाण्यासारखे झाले आणि सुटताना गाडी दर वेळी खोकू लागली. मोकळ्या रस्त्यावर त्याने काही बिघडत नव्हते. मला काळजी मोकळ्या रस्त्याची नव्हतीच. नानांच्या दारापासून मारुतीपर्यंतचा तो गल्लीचा तुकडा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. फागणे गेले, धुळ्याच्या गिरण्यांची धुराडी दिसू लागली, आणि मी मनात एकच गोष्ट घोळत होतो: ही दारातच खोकणार.

दारात शिरताना ती खोकलीच. सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर मोठे कुंकू.

"ये भाऊ, ये," त्या म्हणाल्या. "औंदा मोटार लई उना का? दखूत मंग, घोडापेक्षा शानी शे का ती."

"अहो, पाव्हण्याला पाणी तरी द्या आधी," आतून नाना म्हणाले.

जेवण चांगले होते. खापरावरची पुरणपोळी, पातेलेभर आमरस, झणझणीत रशी, तळलेल्या कुरडया. त्या घराला पाहुणचारात कोणी नाव ठेवू शकले नसते, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल तक्रार करणे अवघड होते. नाना कापसाच्या भावाबद्दल बोलत होते. मी हो हो म्हणत होतो आणि दाराबाहेर उन्हात उभ्या गाडीचे बॉनेट मला दिसत होते. अक्का वाढत होती. ती पूर्वीपेक्षा बारीक झाली होती आणि पदर कपाळावर इतका ओढलेला होता की तिचा चेहरा मला हनुवटीपुरताच दिसला.

"खाय रे," सासूबाई म्हणाल्या. "तुना जीव बठ्ठा मोटारमाच शे."

हात धुवायला मागच्या मोरीशी गेलो तेव्हा अक्का तांब्या घेऊन आली. माझ्या हातावर पाणी ओतता ओतता ती हलक्या आवाजात म्हणाली, "गाडी खोकते ना? ऐकलं मी आतून."

"सुटताना खोकते. एकदा चालली की ठीक आहे."

"सुटतानाच तर बघणारेत सगळे." पाण्याची धार थांबली. "दिगू, या वेळी ट्रंक उतरली तर मला पुढची आखाजी सांगू नकोस."

तिने तांब्या पुन्हा कलता केला. ती म्हणाली, "झालंय काय तिला?"

मी सांगितले. टोपण, दांडी, करडई.

"करडई?" ती म्हणाली. "ह्या उन्हात? मोटेला लावतात ती?"

"हो."

"आबांनी घातली?"

"जिभेला लावून."

तिने पदर तोंडात धरला. तिचे खांदे हलले. ती हसत होती. आतून भांड्याचा आवाज आला आणि ती थांबली, पुन्हा पाणी ओतू लागली, जणू माझे हात अजून धुऊन झाले नव्हते.

"आता शिंप्याचं तेल आहे," मी म्हटले. "ते फार पातळ. घरात एरंडेल असेल, पण तेही तापून चिकटेल. शेंगदाण्याचा भरवसा नाही."

"आणि एंजिनात काय असतं?"

"एंजिनात त्यांचं खनिज तेल असतं. काळं. वापरलेलं."

"ते चिकटतं का?"

एंजिनातले तेल महिनोन्‌महिने तापत होते, आणि तेल मोजायच्या सळईवर काढून पाहिले की प्रत्येक वेळी थेंबाने गळत होते, तार न धरता, गोंद न होता. ते माझ्या हाताशी कायम होते. पण आमच्या घरात तेलाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या: वर खाण्याचे, मग दिव्याचे, मग औषधाचे, आणि सगळ्यात खाली बैलगाडीच्या आसाला लावायचे काळे वंगण, जे अंगणाच्या बाहेर ठेवले जाई. काळे तेल पितळेच्या नाजूक भांड्यात घालावे असे आमच्या माणसाला सुचणे कठीण होते. अक्काला ते सुचले याचे कारण बहुधा एवढेच की तिला त्या दिवशी पायऱ्यांशी देणेघेणे नव्हते.

कापसाच्या अडत्याच्या घरी कापूस मागावा लागला नाही. अंगणात उडत होता. काडीला बोळा गुंडाळून मी नळीतले पातळ तेल टिपून काढले. मग एंजिनाची सळई ओढली आणि टोकावरचे तेल नळीत थेंब थेंब सोडले, पुन्हा बुडवली, पुन्हा सोडले. निम्मे तेल बाहेर सांडत होते.

"काय बिघडनं का रे?" ओट्यावरून सासूबाई.

"नाही मामी. तेल बघतोय."

"तेली ना पोऱ्या," त्या शेजारणीला म्हणाल्या, "तो तेलच दखी."

शेजारीण हसली. मी टोपण घट्ट केले. एंजिन सुरू करून पाहायची सोय नव्हती. खोकले असते तर तिथेच, सगळ्यांसमोर निकाल लागला असता.

अक्काची ओटी भरली गेली. तिच्या हातावर दही घातले. चाकापुढे नारळ फुटला. नाना आणि सासूबाई ओट्यावर, दाराच्या चौकटीत दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, दुकानावरून तेवढ्यासाठी आलेले. समोरच्या ओट्यांवर बायका आणि पोरे जमली होती. मागच्या वर्षीचे घोडे त्या सगळ्यांनी पाहिले होते. अक्का मागे न बसता माझ्या शेजारी बसली. सासूबाईंच्या भुवया वर गेल्या.

मी स्टार्टर ओढला. एंजिन लागले. मी पाय इतका हळू दाबला की गाडी कधी हलली ते मलाच कळले नाही. खोकला आला नाही. दार मागे गेले, ओटा मागे गेला. मी श्वास सोडणार, तोच कापसाच्या गाठींची हातगाडी आडव्या बोळातून बाहेर आली आणि गल्लीत तिरकी उभी राहिली. हमाल माझ्याकडे पाहून ओरडला, "थांब ना भाऊ, थांब!"

"थांबू नकोस," अक्का म्हणाली.

मी गाडी मुंगीच्या चालीवर आणली. चाके फिरत होती की नाही, हे ओट्यावरून कोणाला सांगता आले नसते, आणि मलाही नाही. हमालाने हातगाडी एका बाजूला रेटली. माणूस जाईल एवढी जागा झाली, मग मोटार जाईल एवढी. आता पाय दाबायचा होता, आणि हळू दाबून चालणार नव्हते. एंजिन मरायला टेकले होते. मी दाबला. क्षणभर काही झाले नाही. मग गाडीने एकदाच, सलग, ओढ घेतली, जशी करडईच्या पहिल्या दिवसांत घेत असे, आणि आम्ही गाठींना घासून पुढे गेलो. देऊळ डाव्या हाताला आले. अक्काने हात जोडले नाहीत. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि दह्याचा हात मुठीत मिटलेला होता.

पारोळ्याच्या रस्त्याला लागल्यावरही मी मागे पाहत होतो, कोणी सायकलवर बोलवायला येते आहे का म्हणून. धुळे दिसेनासे झाले. शेते उघडी, नांगरलेली होती आणि रस्त्यावर उन्हाच्या झळा हलत होत्या. फागण्याच्या पुढे एका निंबाखाली अक्का म्हणाली, "थांबव."

"कशाला?"

"थांबव म्हटलं ना."

मी गाडी सावलीत घेतली, पण एंजिन चालू ठेवले. अक्काने कपाळावरचा पदर मागे टाकला. मूठ उघडली, दह्याचे सुकलेले डाग पाहिले आणि खिडकीतून हात बाहेर काढून झटकला. मग तिने वाकून गाडीची किल्ली स्वतः फिरवली. एंजिन बंद झाले. एकदम इतकी शांतता झाली की निंबातल्या पाखरांची हालचाल ऐकू येऊ लागली.

त्या दिवसानंतर अक्का धुळ्याला कधीच परत गेली नाही. आषाढात निरोप आले, माणसे आली, नाना स्वतः एकदा येऊन आबांच्या गादीवर बसून गेले. तिने कारण सांगितले नाही. मी पुढे आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारून पोट भरले. तिला तो प्रश्न मी विचारला नाही, आणि आता विचारण्यासाठी ती नाही. पण निंबाखाली बसलो होतो तेव्हा यातले काहीच मला माहीत नव्हते. मला फक्त बंद पडलेले एंजिन दिसत होते.

"हे काय केलंस?" मी म्हटले. "परत लागली नाही तर?"

अक्काने काचेतून पुढच्या रस्त्याकडे पाहिले.

"तोंड जळगावकडे आहे ना तिचं?" ती म्हणाली. "मग नाही लागली तरी चालेल."